सांगू का?

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तशी बरीच बटणं आहेत, पण भांडणाच्या दृष्टीने दोनच. एक बाहेरचं, लिफ्ट बोलवायचं, आणि एक आतलं. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा, आणि या दोन बटणांवरून आमच्याकडे जेवढी महायुद्धं झालीत तेवढी टीव्हीच्या रिमोटवरून पण झाली नसतील. मधे एकदा मी फार शहाणपणा करून नियम काढला, खाली जाताना ताई दाबणार, वर येताना तो दाबणार. दोन दिवस बरे गेले आणि मग नवीन मुद्दा निघाला, की खाली जाताना लिफ्ट आधीच आपल्या मजल्यावर उभी असेल तर ताईची पाळी झाली असं धरायचं की नाही धरायचं. वकील व्हायची लक्षणं आहेत दोघांत. एकदा शेजारचे काका दोघांच्या मधून हात घालून शांतपणे स्वतःच बटण दाबून मोकळे झाले, तेव्हा ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला आली, काकांच्या विरोधात.

सांगायचा मुद्दा काय, तर भांडणाचं मला फारसं काही वाटत नाही. आई सांगलीहून आली की म्हणतेच, भांड्याला भांडं लागायचंच, आणि ते खरंच आहे. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, कानाला हेडफोन असतो पण एक कान कायम हॉलमध्ये, त्यामुळे आता नुसत्या आवाजावरून कळतं की कुठलं "बाबाऽऽ" खरं लागलंय म्हणून आहे आणि कुठलं नुसती चहाडी.

तर या फेब्रुवारीत भांडणं अचानक कमी झाली. लिफ्टमध्ये शांतता, गाडीत खिडकीच्या सीटवरून शांतता, इतकी शांतता की मी बायकोला म्हणालो बघ, झाली मोठी पोरं. ती म्हणाली नजर लावू नकोस.

आणि मग एका शनिवारी मी कामाच्या एका कॉलवर होतो, कॅमेरा बंद, दार अर्धं उघडं. हॉलमध्ये धाकटा सोफ्यावर मांडी घालून कार्टून बघत होता, रिमोट मांडीवर. थोरली आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. रिमोट दे म्हणाली नाही, ओढून घेतला नाही, आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाली, "सांगू का?" इतक्या हळू आणि गोड आवाजात की मी आधी लक्षच दिलं नसतं. पण धाकट्याने रिमोट दिला. दोन्ही हातांनी दिला. आणि आपण होऊन सोफ्यावरून उठून खाली फरशीवर जाऊन बसला, तिने सांगितलं पण नव्हतं खाली बस म्हणून.

ते फरशीवर जाऊन बसणं मला काही सुधरू देईना. कॉलवर कोणीतरी मला दोनदा हाक मारली.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. दोन दिवसांत चार वेळा "सांगू का?" ऐकलं. एकदा तिची बाटली भरून आणण्यासाठी, एकदा बाकरवडीच्या वाट्यासाठी, एकदा लिफ्टसाठी (म्हणजे ती शांतता ही होती) आणि एकदा तर काहीच नको होतं, उगाच, तो हसत होता म्हणून. म्हटली आणि त्याचं हसू गेलं, आणि ती परत पुस्तकात डोकं घालून बसली.

त्याला विचारलं तर काही नाही म्हणाला. तीन वेळा विचारलं, तीन वेळा काही नाही. मुलं लाइट असताना बोलत नाहीत हा माझा अनुभव, म्हणून रात्री लाइट बंद करून त्याच्या शेजारी पडून राहिलो, आणि दहाएक मिनिटांनी अंधारातून आलं, "बाबा, तू कोणाला नाही सांगणार ना?" मग तुकड्यातुकड्यांत कळलं ते असं. डिसेंबरमध्ये एकदा स्कूलबस ट्रॅफिकमध्ये अडकली आणि याला चड्डीत शू झाली. ताई मागच्या सीटवर होती. तिने स्वतःचा स्वेटर काढला, त्याच्या कमरेला बांधला, आणि बसमध्ये सगळ्यांना सांगितलं की याच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलंय. कोणाला कळलं नाही, आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

मला तो दिवस आठवला. थोरली थंडीत नुसत्या युनिफॉर्ममध्ये घरी आली होती, हातात ओला स्वेटर, आणि बाटली सांडली असं तिने मला सांगितलं होतं आणि मी तिला ओरडलो होतो. मोठी आहेस ना, एवढं कळत नाही का, असं काहीतरी. तिने ऐकून घेतलं आणि स्वेटर मशीनमध्ये टाकला.

म्हणजे बघा, तीच मुलगी. डिसेंबरमध्ये भावाची अब्रू वाचवायला थंडीत कुडकुडत आली आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या, आणि फेब्रुवारीत तीच अब्रू रोज थोडी थोडी विकायला काढली. कुठलं खरं, असं मला बायकोने विचारलं तेव्हा मला उत्तर आलं नाही. दोन्ही खरंच.

पण हा सगळा विचार नंतरचा. त्या वेळी मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला उभं केलं आणि अर्धा तास भाषण दिलं. ब्लॅकमेल हा शब्द वापरला, गुन्हा हा शब्द वापरला, लाज वाटत नाही का पण वापरलं, आणि शेवटी सॉरी म्हण त्याला. ती "सॉरी" म्हणाली, ते कसं ते सगळ्या आईबापांना माहीत आहे, दात न उघडता. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"तू पण काकाला बॅटरी बंद करून घाबरवायचास ना? दर दिवाळीला सांगता तुम्ही. आणि हसता."

आता हा बॅटरीचा किस्सा सांगायला पाहिजे. सांगलीला विश्रामबागेत आमचं बैठं घर होतं, भाड्याचं, आणि संडास परसात, घरापासून पंधरावीस पावलांवर. मधे शेवग्याचं झाड. मुंजा खरं म्हणजे पिंपळावर असतो पण आमच्याकडे पिंपळ नव्हता म्हणून मी त्याला शेवग्यावर बसवला होता. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. रात्री त्याला जायचं झालं की आई म्हणायची, दादाला घेऊन जा. दादा म्हणजे मी, वय दहा, हातात तीन सेलची बॅटरी, बॅटरी म्हणजे टॉर्च, आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. तर न्यायचे मी दर घ्यायचो, एक लिमलेटची गोळी, नसेल तर उधार, आणि कधीकधी तो आत असताना बॅटरी बंद करून घराकडे पळत सुटायचो आणि तो आतून "दादाऽऽ" करून ओरडायचा. एकदा तर तसाच चड्डी हातात धरून पळत आला होता. हा किस्सा आमच्या घरात दर दिवाळीला होतोच, चकल्या तळताना, मी सांगतो, आई भर घालते, चड्डीपाशी सगळे हसतात, भाऊ पण हसतो. पंचवीस वर्षं तरी हसतोय.

थोरली हे ऐकतच मोठी झाली ना. तिला कोणी वेगळं शिकवायची गरजच नव्हती.

दादागिरी हा शब्द आपण इतका सहज वापरतो, गल्लीतल्या गुंडाला, ऑफिसमधल्या साहेबाला, पण तो फोडून बघितला कधी? दादा म्हणजे थोरला भाऊ, पुढे फारशी गिरी लावली. जबरदस्तीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या भाषेने वाघ घेतला नाही, राजा घेतला नाही, घरातला थोरला भाऊ घेतला. ज्या कोणी पहिल्यांदा हा शब्द वापरला तो नक्की धाकटा असणार. आणि ताईगिरी असा शब्द नाही आपल्याकडे, ताईने सांभाळायचं असतं असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं, त्यामुळे मुलीने केली तर दिसतच नाही लवकर. मला पण नाहीच दिसली महिनाभर.

त्या दिवशी संध्याकाळी भावाला फोन केला. तो हैदराबादला असतो. आधी क्रिकेट झालं, मग मी म्हटलं अरे ते बॅटरीचं, तुला कधी वाईट वाटायचं का रे? तो हसला, "सोड रे दादा, लहान होतो आपण." मी म्हटलं बरं. मग थोडा वेळ दोघंही गप्प, आणि मग तो म्हणाला, "मी संध्याकाळी सातनंतर पाणी प्यायचो नाही. चौथीपर्यंत तरी." एवढंच. पत्ता सांगावा तसं सांगितलं, आवाजात काही नाही. आणि लगेच, "बरं, पोरांना टीशर्ट पाठवतोय, थोरलीचा साइज काय आता?"

मी साइज सांगितला. चुकीचा सांगितला असं नंतर बायकोकडून कळलं.

रात्री मग वाचत बसलो, हल्ली आपण अपराधी वाटलं की मोबाइलच काढतो. डॅन ओल्वेयस म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, मूळचे स्वीडनचे, पुढे नॉर्वेत काम केलं, १९७०च्या दशकापासून शाळेतल्या छळावर अभ्यास करत होते. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या, मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोघांच्या ताकदीत फरक. ही फूटपट्टी शाळेसाठी होती, पण घरात लावून बघितली तर मला लिफ्ट आणि रिमोट लगेच वेगळे दिसायला लागले. लिफ्टच्या भांडणात आज ती जिंकते, उद्या तो रडून, चावून, आईला बोलावून का होईना पण जिंकतो. "सांगू का" मध्ये तो कधीच जिंकत नव्हता. जिंकायचा प्रयत्न पण नव्हता, त्यामुळे आवाज नव्हता, आणि आवाज नाही म्हणून बाप खूश.

शाळेतल्या छळावर सगळं जग बोलतं, घरातल्याकडे अभ्यासकांचं पण लक्ष तसं उशिराच गेलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि आसपास १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातल्या सुमारे ७००० मुलांना बाराव्या वर्षी विचारलं की भावाबहिणीकडून छळ होतो का, आणि अठराव्या वर्षी परत तपासलं. आठवड्यातून अनेकदा छळ होतो म्हणणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्य सापडलं १२.३ टक्के, आणि ज्यांना कधीच नाही त्यांच्यात ६.४ टक्के. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. आता यात सरळ गणित करू नये, छळामुळेच नैराश्य आलं असं काही ते सिद्ध होत नाही, आणि १०० मधल्या ८७-८८ जणांचं तसं काही झालं नाही हे पण त्यातच आहे. माझा भाऊ त्या ८७ मधला. पण पाणी न पिणं कुठल्या टक्केवारीत धरायचं?

आता केलं काय, ते सांगतो, आणि सगळं काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही हे आधीच कबूल करतो.

एक तर त्या दोघांना समोरासमोर बसवलं नाही. एरवी मी बसवतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात हिल्डी रॉस यांनी भावंडांच्या भांडणांवर बराच अभ्यास केला, २००७ साली त्यांनी आणि ज्युली स्मिथ यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांच्या आईबापांना मध्यस्थी शिकवून बघितली. म्हणजे निकाल द्यायचा नाही, आधी बोलायचे नियम ठरवायचे, मग भांडण नेमकं कशावरून ते दोघांकडून काढायचं, एकाला काय वाटलं ते दुसऱ्याने ऐकायचं, आणि तोडगा मुलांनीच काढायचा. त्या घरांतली मुलं नंतर जास्त चांगली बोलणी करायला लागली. लिफ्टला हे लागू पडतं, आमच्याकडे पडलंय पण. पण मध्यस्थीला दोन्ही बाजूला थोडंतरी वजन लागतं. आमचा धाकटा तिच्यासमोर कशालाही हो म्हणाला असता, चालेल म्हणाला असता, आणि मी खूश होऊन उठलो असतो. "त्यांचं त्यांना मिटवू दे" हा सल्ला मला निम्म्या बिल्डिंगने दिलाय, आणि तो लिफ्टपुरता उत्तम सल्ला आहे.

मग बायकोला सुचलं की गुपित आहे तोपर्यंत तिच्या हातात बॅटरी आहे, तर गुपितच संपवून टाकू. तिने धाकट्याला विचारलं, कोणाकोणाला कळू नये असं वाटतं? त्याने बराच विचार करून तीन नावं सांगितली, बसमधले दोन मित्र आणि आजी. आजीचं सोपं होतं. दोन दिवस त्याने वेळ घेतला आणि मग स्वतःच फोन लावून, बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून आजीला सांगितलं. बाहेर आला तो हसत. आजीने त्याला म्हणे सांगितलं की तुझा बाप तर तिसरीत असताना गॅदरिंगच्या स्टेजवर मावळा झाला होता तेव्हा, पूर्ण मावळ्याच्या ड्रेसात. हे मी इतकी वर्षं फार नीट लपवून ठेवलं होतं. पण मला ब्लॅकमेल करायच्या ऐवजी तो दोन दिवस माझ्याकडे फार मायेने बघत होता.

मित्र राहिले. त्यांना आपण होऊन सांगायची काही गरज नव्हती, पण समजा कळलंच तर काय म्हणशील, तर आरशासमोर उभं राहून त्याची प्रॅक्टिस चालली होती, "हो, झाली होती. मग?" त्यातला "मग?" जमायला वेळ लागला. पहिले चारपाच फारच रडवे होते.

थोरलीशी मी बोललो नाही, भाषणाचा कोटा संपला होता. बायको तिला घेऊन गॅलरीत बसली, कपड्यांच्या घड्या घालत, मुलीशी बोलायचं तर हातात काम पाहिजे हे तिचं तत्त्व आहे. एक गोष्ट तिने अगदी स्पष्ट सांगितली, की रिमोटसाठी भांड, ओरड, आमच्याकडे ये, पण कोणाची लाज वापरायची नाही, या घरात कोणाचीच, बाबाची पण नाही. आणि मग ऐकत बसली. थोरली जे बोलली त्यातलं मला एवढंच कळवण्यात आलं: "बसमध्ये मी त्याच्याकडे बघायचं, शाळेत मी बघायचं, घरी आल्यावर मी मोठी म्हणून मी द्यायचं. मग मला काय मिळतं?"

खरंच की. धाकटा झाला तेव्हा ती चार वर्षांची होती आणि हॉस्पिटलमध्ये मीच तिला उचलून म्हणालो होतो, आता तू मोठी झालीस हं. चार वर्षांची मोठी! तेव्हापासून आम्ही तिच्या हातात ड्यूटी देत गेलो. माझ्या आईने मला बॅटरी दिली तशीच. जबाबदारी दिली की तिच्यामागून थोडी सत्ता पण येते आणि दहा-अकरा वर्षांच्या पोराला ती कशी वापरायची हे कोण शिकवतं? दर लावायचं बरोबर आपोआप सुचतं. हे मी तिचं समर्थन म्हणून लिहीत नाहीये, माझं तर नाहीच.

तर बसमध्ये लक्ष ठेवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं, बसमधल्या मावशींना सांगितलं. "मोठी आहेस ना" हे वाक्य घरात बंद, म्हणजे बंद करायचं ठरलंय, माझ्या तोंडून अजून निसटतं आणि बायको नुसतं बोट वर करते. आणि स्वेटरबद्दल मी तिला सॉरी म्हटलं, तू एवढं केलंस आणि मी ओरडलो. "ठीके" म्हणाली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. माझं सॉरी तिच्या सॉरीपेक्षा बरं झालं का, मला सांगता येत नाही.

एक सांगायला पाहिजे, आमचं प्रकरण छोटं होतं. जिथे मारून वळ उठतायत, गळा धरला जातोय, नको तिथे हात लावला जातोय, किंवा एक मूल दुसऱ्याबरोबर खोलीत एकटं राहायला घाबरतंय, तिथे असले गॅलरीतले उपाय पुरत नाहीत, दोघांना वेगळं ठेवा, डॉक्टर, काउन्सेलर गाठा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि घरातलं घरात ठेवू म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका.

पुढे मार्चमध्ये एकदा मी ऐकलं, ती सवयीने "सांगू" एवढं म्हणाली, आणि तो म्हणाला, "सांग. मग?" आणि ती थांबली आणि तिने रिमोट सरळ हिसकावला, आणि तो तिच्या हाताला चावला, आणि दोघं मिळून इतक्या जोरात "बाबाऽऽ" करून ओरडली की कॉलवरच्या लोकांनी विचारलं सगळं ठीक आहे ना. ठीक आहे म्हटलं. लिफ्टचा खटला पण परत बोर्डावर आलाय.

दिवाळीला सगळे सांगलीला जमलो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आई चकल्या पाडत होती, भाऊ तळत होता, आणि आईने नेहमीप्रमाणे मला म्हटलं, सांग रे पोरांना ते बॅटरीचं. थोरलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, या वेळी याला सांगू दे, त्याचा किस्सा आहे. भाऊ म्हणाला माझा कसला, आणि झाऱ्याने चकल्या उलटत राहिला, आणि मग सांगितला. शेवगा, मुंजा, लिमलेटची गोळी, चड्डीपाशी आला तेव्हा पोरं हसलीच, तो पण हसला. मग तो थांबला नाही. "आणि म्हणून मी सातनंतर पाणीच प्यायचो नाही," म्हणाला, "जेवताना पण नाही. भाकरी घशात अडकायची."

आईच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला, अर्ध्या चकलीवर.

"आणि मी सगळ्यांना सांगायची," ती म्हणाली, "याला मेलं तहानच कमी."